परीक्षा मार्चमध्ये, निरक्षर कारखान्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोवा पूर्ण साक्षर राज्य झाल्याची घोषणा ३० मे २०२५ रोजी, त्यांच्या घटकराज्य दिनाच्या मुहूर्तावर झाली. प्रमाण सांगितले ९९.७२ टक्के. त्याच्या दहा दिवस आधी मिझोरमने ९८.२ टक्क्यांवर हाच मान मिळवला होता. दोन्ही राज्यांचे अभिनंदन. केंद्राने २०२४ मध्ये ठरवून दिल्याप्रमाणे आता ९५ टक्के झाले की पूर्ण साक्षर म्हणता येते, म्हणजे शंभरात पाच माणसे राहिली तरी चालते. ती पाच कोण असतात, हे गावात राहणाऱ्याला विचारायला नको. असो. या बातम्यांनंतर ‘मग महाराष्ट्र कधी?’ अशी विचारणा आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावरही सुरू झाली. माझे त्यावर एकच म्हणणे आहे. आमच्या भागातल्या निरक्षरांना गाठायचे तर पावसाळ्यात या. मार्चमध्ये ते घरी नसतात, ऊसतोडीला साखर कारखान्यांवर गेलेले असतात.

मी जालना जिल्ह्यातली, मंठा तालुक्यातल्या एका गावची. प्रौढांना साक्षर करणारी केंद्राची ‘साक्षर भारत’ योजना चालू होती तेव्हा आमच्या ग्रामपंचायतीच्या लोकशिक्षण केंद्रात मी प्रेरक, म्हणजे वर्ग चालवणारी होते. एका ग्रामपंचायतीला दोन प्रेरक, महिना दोन हजार रुपये मानधन. ते कधी वेळेवर यायचे, कधी सणवार उलटून गेल्यावर एकदम यायचे, त्याचे रडगाणे आज गात नाही. ३१ मार्च २०१८ ला योजना संपली आणि आम्ही घरी बसलो. तेव्हापासून माझी पिठाची गिरणी आहे, जोडीला ब्लाऊज शिवते. आता प्रौढ साक्षरतेचाच ‘उल्लास’ नावाचा नवा कार्यक्रम आला आहे. त्यातही माझे नाव स्वयंसेवक म्हणून आहे, लेकीने मोबाईलवर भरून दिले. त्यामुळे जुन्या आणि नव्या दोन्ही योजना मी खालच्या टोकाकडून पाहिल्या आहेत. पुण्यात बसून त्या कशा दिसतात ते मला माहीत नाही.

शहरातल्या लोकांना निरक्षर म्हटले की डोळ्यांपुढे काठी टेकत चालणारी आजी येते. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, तिचे गुलाबी नऊवारीतले फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. शाळा चांगलीच आहे. तिची वेळ दुपारच्या फुरसतीची ठेवली, हे मला त्या गुलाबी लुगड्यांहून मोठे वाटते, पण त्याचा फोटो निघत नाही. आमच्याकडे मात्र केंद्रावर येणाऱ्यांत तिशी-चाळिशीच्या बायाच जास्त असत. लहानपणी आईबापाबरोबर कारखान्यावर गेलेल्या, तिथे धाकटी भावंडे सांभाळलेल्या, सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्न होऊन स्वतः कोयत्याला लागलेल्या. (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला देतो, एकट्या माणसाला नाही. म्हणून लग्नाची घाई.) या बाया म्हाताऱ्या होईपर्यंत थांबायचे आणि मग त्यांना गुलाबी लुगडे नेसवायचे, असे तर कोणाच्या मनात नसेल.

आमच्या गावचे आणि शेजारच्या दोन्ही बंजारा तांड्यांचे वर्ष असे चालते. जूनमध्ये पेरणी. जुलै-ऑगस्टमध्ये खुरपणी, फवारणी, मधून मधून पावसाची उघडीप. सप्टेंबरअखेर मूग-उडीद निघालेले असतात, सोयाबीन काढणीला येते. याच दिवसांत मुकादम उचल घेऊन घरोघर फिरतो. दसरा झाला की हालचाल सुरू होते. दिवाळीच्या पुढेमागे टोळ्या सांगली, कोल्हापूर, पुणे, सोलापूर, कर्नाटकात बेळगावकडे निघतात. निम्मी घरे कुलपात, उरलेल्या घरांत म्हातारी आणि शाळेतली पोरे. माणसे परत येतात ती पाडव्याच्या आसपास, कधी त्याही पुढे.

आता ‘उल्लास’ची परीक्षा पाहा. आपल्या राज्यात पहिली झाली १७ मार्च २०२४ ला, रविवारी. दुसरी झाली २३ मार्च २०२५ ला, तीही रविवारी. वेळ मोठी सोयीची दिली होती. सकाळी दहा ते संध्याकाळी पाचच्या दरम्यान केव्हाही यावे आणि तीन तासांत पेपर सोडवावा. दिवसातली वेळ इतक्या मायेने ठरवणाऱ्याला वर्षातली वेळ का सुचली नाही, याचे मला नवल वाटते. २०२४ च्या त्या रविवारी कारखाने जोरात चालू होते. आमच्या यादीतल्या कितीतरी बाया तेव्हा सांगलीच्या फडात मोळ्या बांधत होत्या. २०२५ मध्ये उसाची टंचाई होती, पुष्कळ कारखान्यांची धुराडी लवकर थंडावली आणि काही टोळ्या परीक्षेआधी गावात आल्या. कोणी म्हणेल, मग यंदा तर सोय झाली. पण दिवाळीपासून चार-पाच महिने त्यांच्या हाती पाटी नव्हती. पहाटे तीनला उठून फडात जाणारी बाई कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, येऊन प्रवेशिका (अक्षरओळखीचे पुस्तक) वाचत बसेल काय? तिला परीक्षेला बसवायचे म्हणजे शाळेतल्या पोरांना सुट्टीनंतर दुसऱ्या दिवशी वार्षिकला बसवण्यासारखे झाले.

मग मार्चमध्ये पेपर देते कोण? म्हातारी माणसे, आणि ज्यांना मुळात थोडेफार येते ती माणसे. त्यांनीही द्यावा, त्यांच्याविषयी माझे काही वाईट म्हणणे नाही. पण आकडा त्यांच्यावर भरतो आणि ज्यांच्यासाठी योजना काढली त्या बाया ‘गैरहजर’ या रकान्यात जातात. गैरहजेरीचे कारण लिहायला तक्त्यात जागा नसते.

हे सगळे टाळता येते, कारण पूर्वी टळलेले आहे. ‘साक्षर भारत’मध्ये परीक्षा वर्षातून दोनदा व्हायची, मार्चमध्ये आणि ऑगस्टमध्ये. पेपर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था काढायची, प्रमाणपत्रही तीच द्यायची. वाचन, लेखन, गणित, प्रत्येकी ५० गुण, एकूण १५०. आजही मांडणी तीच आहे. मार्चच्या परीक्षेला आमच्या केंद्रावर बाकडी रिकामी राहायची. ऑगस्टमध्ये शाळेचा व्हरांडा पुरायचा नाही. श्रावण, एकादशीचा नाहीतर सोमवारचा उपास, अंगावर खुरपणीचा चिखल, कडेवर पोर, पण बाया यायच्या. एकीने तर मुकादमाकडून उचल घ्यायच्या आधी परीक्षा देते म्हणून नवऱ्याला अडवून धरले होते. त्या ऑगस्टच्या परीक्षेसाठी आम्हाला जूनपासून अडीच महिने सलग मिळायचे. रात्री आठला भाकरी-कोरड्यास उरकून वर्ग सुरू, साडेनऊला बंद. वीज गेली की कंदील. तांड्यावरच्या बाया घरात गोरमाटी बोलतात, त्यांना मराठी प्रवेशिका जरा जड जायची, पण एकमेकींना त्यांच्या बोलीत समजावत त्या पुढे जायच्या. दिवाळीपर्यंत त्यांचे वाचन इतके पक्के व्हायचे की कारखान्यावर सहा महिने काढून आल्या तरी अक्षर अगदीच पुसून जात नसे.

अक्षराचा उपयोग काय, असे आजही विचारले जाते. तांड्यावरची एक बाई (नाव सांगत नाही, मुकादम ओळखीचा आहे) आमच्याकडे दोन पावसाळे आली. तिसऱ्या वर्षी तिने उचल घेताना आपली वही पुढे केली आणि म्हणाली, “दादा, रक्कम हितं बी लिवा. आकड्यात बी अन् अक्षरात बी.” मुकादम हसला, म्हणाला, “वैनी, आता तुमीच मुकादम व्हा.” पण त्याने लिहिले. हंगाम संपल्यावर फिटलेली उचल आणि राहिलेली उचल यांचा हिशेब त्या वहीवरून झाला. किती पैशांचा फरक पडला ते तिने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. पुढच्या वर्षी टोळीतल्या आणखी तिघींनी वह्या केल्या.

दुसरे कारखान्यातल्या वजनकाट्याच्या पावतीचे. उसाच्या गाडीचे वजन पावतीवर टनात येते आणि ठिपक्यानंतर तीन आकडे असतात. आमच्या प्रवेशिकेत बेरीज होती, वजाबाकी होती, गुणाकाराशी ओळख होती, दशांश नव्हता. बायांनी पावत्या जपून आणल्या आणि ‘हा ठिपका काय करतो ते सांगा’ म्हणून मला कोंडीत धरले. पुस्तक बाजूला ठेवून चार संध्याकाळी आम्ही नुसता ठिपका शिकलो. आता माझ्या गिरणीत इलेक्ट्रॉनिक काटा आहे. डबा ठेवला की बाया स्वतःच वाचतात, ‘साडेपाचला कमी हाय की गं’. मी दळणाचे पैसे त्याच आकड्यावर घेते, त्यामुळे त्यांचे डोळे चुकवून जास्त घ्यायची माझी सोय गेली, हे गमतीने लिहिते आहे. डब्यांवर नावे ज्यांची त्यांनी लिहायची असा गिरणीचा नियम आहे. मार्करही मीच ठेवला आहे.

एक गोष्ट कोणत्याच योजनेच्या कागदात मला दिसली नाही, ती चष्म्याची. चाळिशी ओलांडली की जवळचे दिसेनासे होते. उन्हातान्हात, चुलीच्या धुरात राबलेल्या डोळ्यांचे तर विचारू नका. बाई प्रवेशिका हातभर लांब धरते, डोळे बारीक करते आणि शेवटी ‘आता या वयात डोक्यात काय शिरंल’ म्हणून पुस्तक मिटते. तिच्या डोक्याला काही झालेले नसते. आमच्या केंद्रावर पहिली काही वर्षे माझ्या सासऱ्यांचा एकच चष्मा रांगेने फिरायचा. ओळ वाचून झाली की चष्मा शेजारणीला. नंतर आठवडी बाजारातून वाचायचे तयार चष्मे आणले, तेव्हा दोन आजी अशा निघाल्या की त्यांना अर्धी बाराखडी आधीच येत होती, फक्त दिसत नव्हती. आशाताई आहेत, उपकेंद्र आहे. वर्ग सुरू होण्याआधी जवळच्या नजरेची तपासणी करून साधा चष्मा दिला तर शिकवणाऱ्याचे निम्मे कष्ट वाचतील. यावर खर्च फार नाही.

खर्चाचे निघाले म्हणून सांगते. ‘उल्लास’साठी २०२२ ते २०२७ या पाच वर्षांना देशभराची तरतूद १०३७.९० कोटी रुपये आहे आणि साक्षर करायचे आहेत ५ कोटी लोक. भागाकार केला तर माणशी सुमारे २०८ रुपये येतात. रोजगार हमीची आपल्या राज्यातली एका दिवसाची मजुरी २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होती. म्हणजे एका बाईला वाचायला शिकवण्यासाठी तिच्या एका दिवसाच्या मजुरीइतकाही पैसा ठेवलेला नाही. एवढ्यात भागवायचे म्हणून शिकवणारा फुकट हवा, त्याला ‘स्वयंसेवक’ म्हणायचे. नववी-दहावीतली पोरे, कॉलेजातल्या मुली, गुरुजी. पोरे बिचारी उत्साहाने सुरुवात करतात, आजीला चार अक्षरे शिकवतात, मग त्यांचीच परीक्षा येते, आणि तीही मार्चमध्येच असते. गुरुजींवर तर आधीच कामांचा डोंगर. २०२३ मध्ये राज्यातल्या शिक्षक संघटनांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला होता, तेव्हा गावात लोक त्यांना नावे ठेवत होते. मी ठेवली नाहीत. घरोघर जाऊन यादी करणे, मोबाईलवर नोंदी भरणे, रात्री वर्ग घेणे आणि सकाळी पहिलीच्या पोरांना तोंड देणे, हे एका माणसाचे काम नव्हे. पगार मिळतो म्हणून माणूस दोन होत नाही.

आम्ही प्रेरक होतो तेव्हा दोन हजारांतही काम झाले, कारण ते आमचे काम होते. कोण आली नाही, कोणाचे पोर आजारी आहे, कोणाची सासू पाठवत नाही, हे पाहायला एक ठरलेले माणूस होते. सासूला समजवायला मी तिच्याच घरी जाऊन शेंगा फोडत बसायचे. हे काम ‘उल्लास’च्या मोबाईल ॲपला जमत नाही. ॲप वाईट आहे असे मी म्हणत नाही, त्यावर धडे चांगले आहेत. पण ज्या बाईला वाचता येत नाही तिने ॲप उघडायचे कसे, ते दाखवायला पुन्हा माणूसच लागतो.

परीक्षेनंतरची कथा वेगळी नाही. आमच्या लोकशिक्षण केंद्रात एक कपाट होते. त्यात सोप्या गोष्टींची पुस्तके, रोजचे वर्तमानपत्र, रजिस्टरे, एक कॅरम. योजना बंद झाली तशी पुस्तके ग्रामपंचायतीच्या अडगळीत गेली, कॅरम तेवढा पोरांनी जिवंत ठेवला. वर्तमानपत्र बंद झाले. दोन वर्षांनी गिरणीवर आलेली एक बाई डब्यावर नाव लिहिताना ‘ळ’पाशी अडली आणि म्हणाली, “मॅडम, इसरायला लागलंय.” हे आमच्या एका गावाचे नाही. १९५९ मध्ये साताऱ्यातून सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम ही आपल्या राज्याची शान होती. अख्खे गाव ग्रामदैवतासमोर शपथ घ्यायचे आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. आमच्या प्रशिक्षणात शिक्षक तिच्याविषयी फार अभिमानाने सांगत. पण पुढचा पाठपुरावा तोकडा पडला आणि शिकलेले लोक विसरले, हेही तेच शिक्षक सांगत. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान आले, जिल्ह्याजिल्ह्यांत संपूर्ण साक्षरतेच्या मोहिमा झाल्या, आणि त्यांचीही दुखरी जागा तीच निघाली.

आता सरकारी हिशेब पाहा. २०११ च्या जनगणनेत देशात पंधरा वर्षांवरचे निरक्षर होते २५.७६ कोटी, त्यांतल्या बाया १६.६८ कोटी. ‘साक्षर भारत’मध्ये ७.६४ कोटी लोक परीक्षा पास झाले. म्हणून आता उरले १८.१२ कोटी. वजाबाकी बरोबर आहे, माझ्या वर्गातल्या बायांनीही अशीच केली असती. पण तीत असे धरले आहे की पास झालेला एकही माणूस नंतर विसरला नाही. ज्या केंद्रावर विसरू नये म्हणून वर्तमानपत्र यायचे ते केंद्र तर बंद केले.

आणि सराव करावा तर कुठे? सही करायला शिकवली तेव्हा बायांना केवढा हुरूप होता. बँकेत अंगठ्याची शाई पुसायचे फडके असते, त्याचा त्यांना राग होता. आता रेशन दुकानात मशीन, पैसे काढायला मशीन, सगळीकडे बोटच टेकवायचे. “सही शिकवली अन् पुन्हा अंगठाच मागायलेत,” असे एक आजी मला सुनावून गेल्या. लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यात आल्याचा संदेश मोबाईलवर येतो, आमच्याकडे बहुतेकींना तो इंग्रजीत येतो. मराठी वाचायला शिकलेली बाई तो घेऊन पुन्हा दहावीतल्या पोराकडे जाते. बँकांनी हे संदेश मराठीत पाठवले तर महिन्यातून दोन-चार ओळींचे वाचन आपोआप होईल, आणि तेही अशा मजकुराचे, जो कोणी बाई वाचल्याशिवाय सोडणार नाही.

बायांना वाचायला काय देता याला महत्त्व आहे. १९९१-९२ च्या सुमारास आंध्रात नेल्लोर जिल्ह्यात साक्षरतेच्या पुस्तकात दारूने घर उद्ध्वस्त झालेल्या बाईची गोष्ट होती. दुबगुंटा गावच्या बाया ती वाचून उठल्या आणि गावातले अड्डे त्यांनी बंद पाडले. बघता बघता ते लोण राज्यभर गेले, १९९३ मध्ये सरकारला अरक ही देशी दारू बंद करावी लागली. तमिळनाडूत पुदुकोट्टईला त्याच सुमारास साक्षरतेबरोबर बायांना सायकल शिकवली, हजारोंनी बाया सायकलवर बसल्या. आमच्या बायांना उचलीचा कागद, काट्याची पावती, रोजगार हमीचे जॉबकार्ड, सातबाऱ्यावरचे नाव, हे वाचायला द्या. वारसांत आपले नाव लागले आहे की नाही हे बाईला स्वतः वाचता आले पाहिजे. हा धडा जो छापेल त्याला गावात विरोध होईल, ते मला माहीत आहे. तरी छापावा.

जाता जाता जनगणनेविषयी. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख असलेली जनगणना होणार, असे केंद्राने ४ जून २०२५ ला जाहीर केले. जनगणनेत परीक्षा नसते. घरातला कर्ता माणूस सांगेल ते लिहितात, आणि आमच्याकडे बायकोविषयी विचारले की गडी ‘सही येते’ म्हणून मोकळा होतो. शिवाय मार्चच्या सुमारास ही माणसे कोणत्या जिल्ह्यात कोणत्या फडाच्या कडेला असतील ते मी वर लिहिलेच आहे. २०११ मध्ये राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर आणि आमचा जिल्हा त्याहून सुमारे दहा टक्क्यांनी खाली होता. नवा आकडा सुधारलेला येईलच. तो कोणाला मोजून आला, तेवढे पाहावे.

शिक्षण खात्याकडे मागणे एवढेच. ऊसतोडीच्या जिल्ह्यांत, म्हणजे बीड, जालना, परभणी आणि आसपास, परीक्षा ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये घ्यावी. मार्चची ज्यांना सोयीची त्यांना ती राहू द्यावी. पुन्हा पूर्वीसारखे दोन प्रेरक वर्षभर द्या असे मी म्हणत नाही, तिजोरीची अडचण आम्हालाही कळते. जून ते सप्टेंबर चार महिने प्रत्येक ग्रामपंचायतीला एक माणूस द्यावा, आणि त्याला निदान रोजगार हमीच्या दराने पैसे द्यावेत. कारखान्यावर मुलांसाठी साखरशाळा चालतात. त्याच जागी हंगामात आठवड्यातून दोन संध्याकाळी बायांचे वाचन चालवायला कारखान्यांनी एक खोली आणि एक दिवा दिला तरी पुष्कळ. नोंद मंठ्यात झालेल्या बाईला सांगलीत परीक्षा देता येईल अशी सोय ॲपमध्ये करणे अवघड नसावे. आणि चष्मे विसरू नका.

घाई एवढ्यासाठी की पेरण्या आता सुरू होतील. माणसे गावात आहेत, संध्याकाळी मोकळी आहेत, शाळाही आठवडाभरात उघडतील. मुकादम यंदा कधी येईल ते सांगता येत नाही, पण दसरा २ ऑक्टोबरला आहे.

आपली,
एक माजी प्रेरक
ता. मंठा, जि. जालना
९ जून २०२५

(कृपया नाव छापू नये. गिरणीवर सगळेच येतात, मुकादमाच्या घरचे दळणही माझ्याकडेच असते.)